मुकादमाच्या मागची काच

सोमवार, ३ तारीख

ही वही इस्पितळातल्या व्यायामवाल्याने दिली. रोज लिहा म्हणाला, निदान चार ओळी. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला त्याने तांबडी रेघ मारून ठेवली आहे, आणि ओळ सुरू करण्याआधी ती रेघ शोधायची असा हुकूम आहे. मी काय पहिलीत आहे? वर "जमेल हं, आजी" असंही म्हणाला. मी कुणाचीही आजी नाही. मला एकच मुलगी, ती बिनलग्नाची, आणि तिच्या पदरात आहे तो एक सरडा. त्याची आजी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

असो. वय एकोणसाठ. धंदा भिंतींना कागद लावण्याचा, चौतीस वर्षं. या शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांतली फुलं आणि वेली माझ्या हातून भिंतीवर चढल्या आहेत. अडीच महिन्यांपूर्वी मेंदूत बारीकशी गुठळी झाली आणि मी बारा दिवस इस्पितळात काढले. हात, पाय, बोलणं सगळं जागच्या जागी आहे. मोठा डॉक्टर म्हणतो, डोळे चांगले आहेत, पण तुमचा मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. मी म्हटलं, त्या बाजूला दखल घेण्यासारखं काही नसेल. तो हसला नाही. लेक तर मुळीच हसली नाही.

लेक शाळेत गणित शिकवते. मी इस्पितळातून आल्यापासून ती तिची खोली सोडून इथे राहायला आली आहे, सरड्यासकट. हातभर लांबीचा, दाढीवाला, अंगावर काटे. दिवसभर दगडावर बसून दुसऱ्यांवर नजर ठेवतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. लेकीने ठेवलेलं नाव वेगळं होतं, ते आता तीही विसरली.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आज पुन्हा खांद्यावर आदळली. बांधणाऱ्याने दारं फारच अरुंद ठेवली आहेत. इतकी वर्षं राहून माझ्या हे कसं लक्षात आलं नाही कोण जाणे.

मंगळवार, ४

रंगाऱ्याचा फोन आला. वीस वर्षं आम्ही जोडीने काम करतो, छत त्याचं आणि भिंती माझ्या. एका मोठ्या हॉटेलचं जेवणघर मिळालं आहे. कागदावर फांद्या आणि पक्षी, एका पट्टीवरची फांदी दुसऱ्या पट्टीवर बरोबर जुळली पाहिजे, नाहीतर पक्ष्याचं डोकं एकीकडे आणि शेपूट भलतीकडे. अठरा तारखेला सुरुवात. "ताई, तुम्ही येणार का, ते सांगा. नाहीतर दुसरा माणूस बघायला लागेल." मी म्हटलं, दुसरा माणूस तुझ्या छताला बघ.

फोन ठेवला तर लेक समोर उभी. "तू परांचीवर चढणार नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, तुझे बाबा गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी परांचीवर होते. ती म्हणाली, "तेव्हा तुला परांचीचं टोक दिसत होतं." मग दोघींनी एकमेकींना बरंच ऐकवलं. ते सगळं लिहीत बसत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी तिने पैज लावली. मुकादम पंधरा दिवस नीट खात नाहीये. त्याच्या पेटीची डावी-उजवी बाजू लाकडी आहे, पुढची आणि मागची बाजू काचेची. मागच्या काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, त्याला वाटतं दुसरा सरडा घरात घुसलाय, आणि तो दाढी काळी करून काच ओरबाडत बसतो. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलंय, मागच्या काचेला बाहेरून चित्र लावा. लेकीने वाळवंटाचं चित्र आणून ठेवलं आहे, चकचकीत प्लास्टिकचा कागद.

"हे तू एकटीने लाव," ती म्हणाली. "काही चूक निघाली नाही तर मी हॉटेलबद्दल अवाक्षर काढणार नाही."

म्हणजे भिंतीवाल्या बाईची परीक्षा सरड्याच्या पेटीवर! मी हो म्हटलं. हसू येत होतं, ते आवरलं.

गुरुवार, ६

आधी हात दाखवून अवलक्षण झालं, ते प्रामाणिकपणे लिहिते.

लेक शाळेत गेल्यावर मुकादमाला टॉवेलात धरून झाकणाच्या टोपलीत घातलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच कामचुकार आहे. दगड आणि वाळू काढली. पेटी एकटीने उचलू नकोस असं लेक बजावून गेली होती, म्हणून उचलली नाही. टेबलावर गोधडी अंथरली आणि पेटी समोरून धरून हळूच माझ्याकडे पालथी घातली. मागची काच वर आली. तशी मी अजून चार पेट्या पालथ्या घालीन.

मोजमाप आधीच करून ठेवलं होतं. छत्तीस इंच, म्हणजे बरोबर तीन फूट. लेक उगाच पावणेचार फुटांची पेटी म्हणून मिरवते. दुकानदाराने तिला फसवलं आणि या गणिताच्या बाईने एकदाही टेप लावून पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कागद मात्र चार फुटांचा निघाला. कापल्यावर चांगला फूटभर उरला. कागदाचा दुकानदार सज्जन दिसतो.

खळ कालवली. उलट्या बाजूला कुंचल्याने सारखी लावली, कोपरे आधी, मग मधे, चौतीस वर्षं लावते तशी. कागद बसवला, ब्रशने हवा काढली, पेटी उभी केली आणि पुढून पाहिलं, तर मुकादमाला दिसणार होता कागदाचा पांढरा पार्श्वभाग. वाळवंट सगळं भिंतीकडे तोंड करून.

भिंतीला कागद लावताना खळ पाठीलाच लागते. हाताने हाताचं काम केलं. काचेतून बघायचं असेल तर चित्राच्या तोंडाला लावायची, हे डोक्याला सांगायला वेळच मिळाला नाही. ही चूक फक्त कागदवालीच करू शकते, दुसऱ्या कुणाची छाती नाही. कोमट पाण्याने काढून धुऊन वाळत घातला. लेकीला सांगितलं नाही.

शुक्रवार, ७

झालं. फत्ते.

आज खळीचा नाद सोडला. काचेवर साबणाचं पाणी मारलं, चित्राचं तोंड काचेकडे करून कागद त्यावर तरंगत ठेवला, उजवीकडून सुरुवात करून रबरी पट्टीने पाणी आणि हवा बाहेर काढली. एकही फुगा नाही. चारही कडांना पारदर्शक चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी लावताना जरा लाज वाटली, आमच्या धंद्यात ती शिवी आहे, पण पाण्यावर किती दिवस भरवसा ठेवणार.

पेटी उभी केली, वाळू-दगड घातले, मुकादमाला आत सोडलं, आणि समोर खुर्ची टाकून बसले. तांबडे खडक, वर निळं आभाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं सांगते, डोळे भरून आले. इस्पितळातून आल्यापासून मी पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं होतं.

लेक संध्याकाळी आली. पेटीसमोर उभी राहिली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता बोल."

"छान झालंय, आई," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ नुसता चालू होता. हरलेलं माणूस भांडी घासत बसतं. मीही तिला चिडवलं नाही, जिंकणाऱ्याने थोडं मोठं मन ठेवावं.

शनिवार, ८

मुकादम कृतघ्न आहे. एवढं वाळवंट उभं केलं तरी ओरबाडतोच आहे. आवाज येतो, पण स्वारी दिसत नाही, कुठल्या दगडामागे जाते देव जाणे. मघाशी समोर होता, तोंड फिरवलं आणि गायब. मग एकदम माझ्या नाकासमोर हजर. पाला तसाच पडलाय.

लेक हल्ली जेवताना माझं ताट मधेच अर्धं फिरवते. फिरवलं की त्यात आणखी भाजी निघते. आधीच सगळी वाढायला हिला काय होतं?

मंगळवार, ११

व्यायामवाल्याकडे. एका कागदावर आडव्यातिडव्या बारीक रेघा, प्रत्येक रेघ खोडायची. मी भराभर सगळ्या खोडल्या. तो म्हणाला, आजी, अर्ध्याच झाल्या. मी म्हटलं, बाळ, तुझा कागदच अर्धा आहे. त्याने कागद फिरवला, तर आणखी रेघा. हे जादूगारासारखे खेळ म्हाताऱ्या माणसांशी खेळतात आणि वर त्याची फी घेतात.

म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका." मी त्याला सांगितलं की मी चौतीस वर्षं ओळंबा धरून भिंती तपासल्या आहेत, आणि दहातल्या आठ घरांत अंगण खरोखरच वाकडं असतं.

गुरुवार, १३

रंगारी आला होता. अठराला पाचच दिवस उरले तरी हॉटेलचं काही पक्कं बोलेना. चहा प्यायला. मी त्याला पेटी दाखवली. तो वाकला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, डोकं खाजवलं.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," म्हणाला, "आणि याने तर कुंपणावरच मुक्काम ठोकलाय."

"कुठे?"

"हे काय, ह्या टोकाला." मग लेकीकडे बघून गप्प झाला. "काम सफाईदार आहे, ताई. तुमचा हात तो तुमचा हात."

"मग अठराला किती वाजता येऊ?"

"बघू की. कळवतो मी."

वीस वर्षांत या माणसाने मला 'बघू' म्हटलेलं नाही. छताचा रंग गळून माझ्या कागदावर पडला तेव्हासुद्धा सरळ सांगितलं होतं. लेकीने मागे काहीतरी कान भरलेत, यात शंका नाही. ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली आणि दहा मिनिटांनी वर आली. दहा मिनिटांत आमच्या जिन्यावरून चार वेळा चढउतर होते.

मी हॉटेलवर जाणार. बोलावलं नाही तरी जाणार. माझा कुंचला, माझी कात्री, माझा ओळंबा पिशवीत भरून ठेवला आहे. कोण अडवतो ते बघू.

शुक्रवार, १४

मुकादमाने एकही किडा खाल्ला नाही. पोटाची कातडी सैल पडलीय. लेक सकाळी त्याला हातावर घेऊन उभी होती. आधी मला या प्राण्याची शिसारी यायची. आता पेटीतून आवाज आला की माझ्याही छातीत ओरबाडतं. पैज जिंकूनही तो उपाशीच राहिला तर ते जिंकणं काय कामाचं?

शनिवार, १५

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

लेक शाळेच्या कसल्याशा बैठकीला गेली होती. मी ठरवलं, हा गायब होतो कुठे ते बघायचंच. खुर्ची ओढली. मुकादम दगडावर होता. चालायला लागला. दिसतोय, दिसतोय, आणि मग नाही. मधे दगड नाही, फांदी नाही, काही नाही. चालता चालता माणूस भिंतीत शिरावा तसा नाहीसा. आणि लगेच ओरबाडण्याचा आवाज. मला वाटलं, कागद कुठेतरी सुटला असेल आणि हा फटीत अडकला असेल.

कागद सुटला की नाही हे मी डोळ्यांनी कधीच बघत नाही. आमच्यात कुणीच बघत नाही. उजेड फसवतो, रंग फसवतो, फांद्या-पानं तर फसवायलाच छापलेली असतात. सांधा तपासायचा तो तळव्याने, शक्यतो डोळे मिटून. मला शिकवणारी बाई आमचे डोळे फडक्याने बांधायची आणि भिंतीला सोडायची.

पेटी भिंतीपासून थोडी पुढे ओढली, मागे हात घातला आणि डोळे मिटले. उजवी कड, चिकटपट्टी, ठीक. सरकत गेले. कागद ताठ, एक फुगा नाही. सरकत गेले. मग कड आली, चिकटपट्टीशिवाय, टोक जरा वळलेलं. आणि तिच्यापुढे गार काच.

मला वाटलं, पेटी संपली. पण काच संपेना. बोटं जातच राहिली. अख्खी वीत भरून गार काच, आणि मग लाकूड.

डोळे उघडले. समोर पाहिलं तर वाळवंट या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिटले, की वीतभर काच. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी हात तिथेच काचेवर दाबून ठेवला आणि मान त्या हाताकडे वळवत नेली, मानेत कळ येईपर्यंत वळवली. तेव्हा माझी बोटं दिसली. काचेला टेकलेली पाचही बोटं, आणि आतल्या बाजूने त्या बोटांवर धावून येणारा काळ्या दाढीचा मुकादम.

त्या दिवशी उरलेला फूटभर कागद आणला. डोळे मिटून, नुसत्या हाताने, तिथे ठिगळ लावलं. ओरबाडणं थांबलं.

मग खाली फरशीवर बसले आणि रडले. डोक्यात गुठळी झाली म्हणून नाही. लेकीने पाहिलं होतं. आल्या आल्या पाहिलं होतं. आणि मला म्हणाली होती, छान झालंय. चौतीस वर्षांत माझ्या कामाला शिव्या पडल्या, अर्धी भिंत उतरवायला लागली, एका बाईने तर अंगावर बादली ओतली. पण कीव करून छान कुणी म्हटलं नव्हतं.

रविवार, १६

सकाळी तिला पेटीसमोर उभं केलं. ठिगळ तिने पाहिलंच.

"का खोटं बोललीस?"

ती आधी काहीतरी सारवासारव करू लागली. मी म्हटलं, मान वळवून बघितलंय मी, आता पुरे.

तेव्हा बोलली. "पैज लावली ती तू हरावीस म्हणूनच लावली. वाक्यसुद्धा तयार होतं माझं. बघ आई, म्हणून तुला पाठवायचं नाही. तीन दिवस ते घोकत होते. आणि तू खुर्चीत बसलेली होतीस, हात ओले, इतकी खूश. कसं म्हणणार होते?"

"म्हणून रंगाऱ्याला जिन्यात सांगितलंस."

"हो. त्याला म्हटलं, तुम्हीच नाही म्हणा. तुझा राग त्याच्यावर निघाला असता."

"माझा राग पुरेसा आहे, दोघांनाही पुरेल." माझा आवाज चढला तो चढलाच. मी तिला सांगितलं की मला पाडायचंय तर समोरून पाड, पण हाताला धरून आंधळी करू नकोस. डाव्या बाजूला काय आहे ते मला कळत नाही, ते गुठळीने केलं. आहे ते नाही म्हणून सांगणं, हे तू केलंस. ती रडायला लागली. मीही थांबले नाही. माझ्या कामात खोट असेल तर खोट म्हणायची, इथून पुढे, रोज, प्रत्येक वेळी. नाहीतर तुझा सरडा उचल आणि तुझ्या खोलीवर जा.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा," ती नाक पुसत म्हणाली.

"जाऊ नये असाच घातलाय."

दुपारी जेवायला बसलो तेव्हाही राग होताच. ताट मात्र मी माझं मीच फिरवलं. खरंच भाजी होती.

मंगळवार, १८

पैज मी हरले, हे इथे शाईने लिहून ठेवते. काल रंगाऱ्याला फोन केला आणि म्हटलं, परांचीवर तुझा दुसरा माणूस चढव. पण मी येणार. खाली राहून पट्ट्या कापीन, खळ लावीन, आणि लागलेला प्रत्येक सांधा हाताने तपासीन. तो म्हणाला, ताई, तपासायला आम्ही आहोत की. मी म्हटलं, तुम्हाला नुसतं दिसतं.

आज गेले. लेकीने अर्धी रजा टाकली आणि माझ्या डाव्या अंगाला चिकटून चालली. मी तिला हाकललं नाही, पण आभारही मानले नाहीत. दारातून आत शिरले आणि पहिल्याच पावलाला कुणाची तरी बादली लवंडली. नवा कागदवाला पन्नाशीचा, भारदस्त मिशांचा. तो रंगाऱ्याकडे असा बघू लागला की ही कोणती ब्याद आणलीत.

सकाळी त्याने पाच पट्ट्या चढवल्या होत्या. फांद्या झकास जुळलेल्या, हे लेकीनेही सांगितलं. मी डोक्याचा रुमाल सोडला आणि डोळ्यांवर बांधला. भिंतीला तळवा लावला आणि चालत गेले. तिसऱ्या सांध्याला थांबले. "इथे खळ कमी पडलीय. छातीच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत. आठवड्यात उघडेल."

मिशावाला म्हणाला, "बाई, डोळे तरी उघडून बघा. एकजीव आहे ते."

"नखाने टोक उचल."

त्याने उचललं. फरकन हातभर पट्टी सुटून आली. खाली भिंत कोरडी. रंगारी मोठ्याने हसला आणि म्हणाला, "उद्या आठला या, ताई. बादल्या भिंतीला लावून ठेवतो." दिवसभर खळ लावून दंड भरून आलेत. बरं वाटतंय. परांचीकडे दोनतीनदा नजर गेली, तेही लिहायला हवं. ती माझी जागा होती.

घरी आलो तर मुकादमाने चार किडे आणि वाटीभर पाला संपवला होता.

रविवार, २३

ठिगळ मला बघवत नव्हतं. बघवत नव्हतं म्हणजे हाताला सहन होत नव्हतं. लेकीने नवा कागद आणला आणि मला पेटीचं माप विचारलं. मी डोळे मिटून, लाकडापासून लाकडापर्यंत, विती टाकून पाच सांगितल्या. पंचेचाळीस इंच. तिने टेप लावला नाही. मी लावायला लावला. पंचेचाळीसच.

मुकादम टोपलीत गेला. पेटी दोघींनी पालथी घातली. या वेळी सुरुवात डाव्या लाकडापासून केली. तिथे लेकीला बोट ठेवून उभं केलं होतं, तिच्या बोटाला माझं बोट लागलं की कागद टेकवायचा. साबणाचं पाणी, रबरी पट्टी, सावकाश. मग तिला बाजूला जायला सांगितलं आणि कडा माझ्या मी चिकटवल्या. तासभर लागला. भिंतीवर एवढ्या वेळात मी अर्धी खोली केली असती.

पेटी उभी केली. मी समोर उभी, हातातून पाणी गळतंय. मला तर सगळं पुरं दिसत होतं, पण माझ्या दिसण्याला आता मीही विचारत नाही. लेक वाकली. एका टोकापासून बघायला लागली, दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली, खाली बसून पाहिलं. हॉटेलच्या भिंतीपुढेही मी इतकी घाबरले नव्हते.

ती उठली. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आई, डावीकडे खाली बोटभर काच उघडी राहिलीय. कागद तिरका गेलाय."

मी मागे हात घालून पाहिलं. बोटभर, अगदी बोटभर. मला इतका आनंद झाला की तिला जवळ ओढलं आणि तिची पाठ ओली केली.

"अगं, बोटभरच आहे," ती म्हणाली. "मुकादमाला चालेल."

"मला नाही चालणार. पाणी आण, सगळं काढायचंय."

तिने बाह्या वर केल्या आणि बादली भरायला गेली.